अठराच्या आतले

"वैनी, करिष्मा नर काढल्याबिगर दोरे बांधून राह्यली. जरा तिच्या ओळी पाहत जा," असं फिजानं सांगितलं, तेव्हा धम्मशीलानं मान वर करूनही पाहिलं नाही. तिच्या एका हातात चिमटा होता, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत मिरचीची कळी होती आणि सातव्या महिन्याचं पोट दोन झाडांच्या मध्ये अवघडलं होतं.

"तू तुही ओळ पाह्य," ती म्हणाली.

फिजा ओढणी नाकावर घेऊन पुढच्या झाडाकडं सरकली.

धम्मशीलाला वाटलं, पोरीपोरींची चढाओढ असेल. करिष्मा तिची नणंद, अकरावीत शिकणारी. फिजा तिच्याच वर्गात. सुट्टीच्या दिवशी आणि शाळा सुटल्यावर दोघी कामाला यायच्या. घरच्या अख्ख्या शेडनेटमध्ये करिष्माइतका हलका हात कोणाचा नव्हता. मागच्या साली बियाणं कंपनीच्या साहेबानं बाकीच्या बायांना तिच्याच ओळी नेऊन दाखवल्या होत्या. फिजाला ते सलत असेल, असं मनाशी ठरवून धम्मशीलानं ते बोलणं तिथंच सोडलं.

दुसरबीडच्या अलीकडं असलेल्या त्या गावात भादवा लागला की हिरव्या जाळीखाली हेच काम चालायचं. उद्या उमलणारी कळी आज दुपारी ओळखायची. चिमट्यानं तिच्या पाकळ्या उकलायच्या, आतले नर, म्हणजे पुंकेसर, एकेक करून काढून टाकायचे, मधल्या नाजूक काडीला धक्का लागू द्यायचा नाही, आणि कळीच्या देठाला लाल दोरा बांधायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीच्या फुलांची भुकटी बोटाच्या टोकानं त्या काडीला लावायची. ज्या मिरचीला दोरा, तिचंच बी कंपनी नेणार. नर न काढता दोरा बांधला तर कळी आपली आपणच फळते, आणि पिकलेल्या मिरचीकडं पाहून ते कोणालाच कळत नाही. कळतं ते पुढच्या साली, दुसऱ्याच कोणाच्या तरी वावरात. म्हणून बांधणाऱ्या बाईवर विश्वास टाकूनच हे काम चालायचं.

त्या साली आभाळ उघडत नव्हतं. जाळीखालचा उजेड आधीच हिरवा, त्यात ढग. सगळ्यांची तोंडं दुखण्यातून उठल्यासारखी दिसायची. भुकटी वाळेना. धम्मशीलाची सासू गोजरबाई स्टीलच्या ताटलीत त्या दुसऱ्या जातीची फुलं पसरून चुलीच्या उबेला धरून बसायची आणि ढगांना शिव्या द्यायची. क्रॉसिंगचे दिवस मोजके. ते हातचे गेले की झाड नुसतं वाढतं. धम्मशीलाची कंबर दुपारपर्यंत दगड व्हायची. मग करिष्मा तिच्या हातातला चिमटा काढून घ्यायची, "वैनी, तू बस," म्हणायची आणि तिचीही ओळ पुरी करायची. धम्मशीला बांबूला पाठ टेकून बसायची आणि तिच्याकडं पाहत राहायची. पाहण्यात तिची कसूर नव्हती. पोरगी बारीक झाली, हे तिनं पाहिलं. वयच तसं आहे, असं म्हणाली.

धम्मशीला बी.ए. झालेली. लग्नानंतर शिकणं थांबलं, पण अर्ज, दाखले, बचत गटाचं लिहिणं गावातल्या बाया तिच्याकडंच आणायच्या. चार वर्षांची लेक ईशा फोन समोर धरल्याशिवाय घास घेत नव्हती, आणि आपण हे चांगलं करत नाही हे कळूनही ती रोज फोन धरायची. करिष्माचा पहिला व्हिडिओही तिनंच काढून दिला होता. पोरगी मिरचीच्या झाडामागून डोकावते, दात दाखवत हसते, बोटावरची पिवळी भुकटी फुंकरून उडवते, एवढंच. चाळीस हजार लोकांनी पाहिला. धम्मशीलाच्या नवऱ्यानं, अश्वजितनं, बहिणीचं कौतुक करून चौकात दोघातिघांना दाखवला. त्यानंच तिला दहावीत आपला जुना फोन दिला होता, शाळेचा अभ्यास त्यावर यायचा म्हणून.

पुढचं धम्मशीलाला कळलं ते आशा सेविका कोकिळाकडून. कोकिळा तिचं वजन घ्यायला आली होती. काट्यावरून उतरता उतरता म्हणाली, तुमची करिष्मा तं लईच फेमस झाली. बोलण्याची ढब धम्मशीलाला खटकली. दाखवा म्हणाली. कोकिळानं आधी आढेवेढे घेतले, मग दाखवलं.

सोशल मीडियावर 'आपली पंचक्रोशी' नावाचं एक पान होतं. कोण चालवतं ते लिहिलेलं नव्हतं. आजूबाजूच्या गावच्या पोरींचे व्हिडिओ उचलायचे, दोघी दोघी शेजारी लावायच्या आणि विचारायचं, कोणाला किती नंबर. करिष्माचं हसणं तिथं हळू करून लावलं होतं, दात दिसतील असं. खाली लिहिलं होतं, काळी मिरची. त्याच्या खाली तीनशेच्या वर लोकांनी काय काय लिहिलं होतं. त्यातली आठदहा नावं धम्मशीलाच्या ओळखीची होती. एकाला तिनं मागच्या महिन्यातच उत्पन्नाचा दाखला काढून दिला होता.

तिनं करिष्माला आडोशाला घेऊन विचारलं. करिष्मा म्हणाली, मी पाहतच नाही ते आता. एवढंच. एसटीत पोट्टे काही म्हणतात का, विचारलं तर म्हणाली, नाही. खरं म्हणजे ती गाडीत चढली की मागच्या सीटवरून तिखट लागल्यासारखं सू-सू सुरू व्हायचं आणि दुसरबीड येईपर्यंत थांबायचं नाही. हे फिजाला माहीत होतं. फिजानं परत कोणाला काही सांगितलं नाही.

धम्मशीला शिकलेली बाई. रडत बसण्यापेक्षा काहीतरी करावं, असं तिला वाटलं. बाहेरच्या एका देशानं सोळाच्या आतल्या पोरांना या सगळ्यापासून लांब ठेवायचा कायदा केल्याचं तिनं वाचलं होतं. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ती पोट सावरत उभी राहिली. इतक्या माणसांत ती पहिल्यांदाच बोलत होती. लेकरं झोपत नाहीत, जेवत नाहीत, कोणी काही लिहिलं की मनाला लावून घेतात. सरकार करेल तेव्हा करेल, आपण आपल्या गावापुरतं करू, असं ती म्हणाली. करिष्माचं नाव तिनं घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. माणसं माना वळवून अश्वजितकडं पाहत होती.

सरपंच झुंबरबाई खुर्चीत बसल्या होत्या आणि त्यांच्या वतीनं त्यांचे मालक पंजाबराव बोलत होते. त्यांना कल्पना आवडली. पेपरात येईल, म्हणाले. ठराव धम्मशीलानंच लिहावा, असं ठरलं. तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलं: गावातील अठरा वर्षांच्या आतील कोणीही मुलगा वा मुलगी यांनी स्वतःजवळ मोबाईल बाळगू नये, असे मोबाईल पालकांनी ग्रामपंचायतीत जमा करावेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या रांगेत बसलेल्या राजकुमारनंही वाजवल्या. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, रस्त्याला ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान असलेला पोरगा. त्यानंच सभेचा फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी पंचायतीतल्या लोखंडी कपाटात फोन जमा झाले. प्रत्येकावर कागदाची पट्टी, पट्टीवर नाव. ठराव लिहिणाऱ्या घरानं आधी द्यायला पाहिजे, म्हणून करिष्माचा फोन पहिला. तिनं कटकट केली नाही. ओढणीच्या टोकानं काच पुसली आणि फोन वहिनीच्या हातात ठेवला. धम्मशीलाला ते समजूतदारपणाचं वाटलं. घरी येऊन ती गोजरबाईला म्हणाली, आत्याबाई, आता काही काळजी नाही.

आठ दिवसांनी पोरांचे फोन परत जाऊ लागले. कोणाला पोलीस भरतीचा फॉर्म भरायचा होता, कोणाला वावरातली मोटर फोनवरून चालू करायची होती, कोणाचा बाप म्हणाला, पोरगं आहे, किती दिवस कोंडणार. कपाटात उरलेल्या पट्ट्या सगळ्या पोरींच्या नावाच्या होत्या. 'आपली पंचक्रोशी' चालूच होतं.

करिष्मा कामाला येत होती. खाली मान घालून कळीमागं कळी बांधत जायची. बाया म्हणायच्या, पोरगी गुणाची निघाली. ताटात भाकरी तशीच राहिली तर गोजरबाई म्हणायची, फोनाचा राग असल, उतरन.

मग आभाळ उघडलं आणि त्याच दिवशी कंपनीचा साहेब आला. तरुणच होता, हातात वही, पँट मोज्यात खोचलेली. तो करिष्माच्या ओळीत थांबला. एक दोरा बांधलेली कळी तोडून नखानं फोडली. आतले नर जसेच्या तसे. दुसरी फोडली. तिसरी फोडली. मग तो नुसता फोडत गेला. त्याच्या मागं अश्वजित, त्याच्या मागं गोजरबाई, आणि सगळ्या बाया जागच्या जागी चिमटे धरून उभ्या. तीन ओळी. दोरे सगळ्यांना होते, गाठी नीट, एकसारख्या. नर एकाही कळीचे काढलेले नव्हते.

"हे कोणी केलं?" साहेबानं विचारलं. करिष्मा ओळीच्या टोकाला उभी होती. ती आपल्याच हातांकडं दुसऱ्या कोणाचे असावेत तशी पाहत होती.

साहेब वाईट बोलला नाही. तीन ओळी उपटा, आजच उपटा, नाहीतर अख्खा माल नापास होईल, एवढं म्हणाला. अश्वजितनं स्वतः उपटल्या. फळांनी लदबदलेली झाडं मुळासकट येत होती आणि तो ती बहिणीच्या पायाजवळ टाकत होता. एकदाही तिच्याकडं न पाहता. शेवटचं झाड टाकून म्हणाला, "घरात अशी कोणती कमी होती बे तुले?" आणि बाहेर निघून गेला. फिजानं तोंड फिरवलं.

बाया गेल्यावर धम्मशीला करिष्माजवळ मातीत बसली. उठता येणार नाही हे माहीत असूनही बसली. उपटलेल्या मिरच्यांचा उग्र वास येत होता. मग करिष्मा आपणहून बोलली.

"मले दिसतच नाही वैनी. कळी हातात घेतो, अन् डोक्यात ते चालू होते. गाठ मारली का कळते, की झालं वाटते."

"पण फोन तं आता नाही ना तुह्यापाशी."

"फोन होता तवा लोक काय म्हणून राह्यले ते वाचाले तरी भेटे. आता कोणी हसलं का वाटते, नवीन काय टाकलं असल. दिवसभर मीच लिहितो मनातल्या मनात. त्यायच्यापेक्षा वंगाळ लिहितो." तिनं पायाजवळचं झाड बाजूला सारलं. "देऊळघाटची एक पोरगी होती. तिचाबी व्हिडिओ टाकला होता त्या पानावर. आम्ही कधी भेटलो नाही. रोज मले पुसे, झोपली का, रडली का. तिले एकलीले मी सगळं सांगत होतो. तिचा नंबरबी त्या फोनातच राह्यला. तिले वाटत असल, मी तिले सोडलं."

"ते पान चालवते तरी कोण?" धम्मशीलानं विचारलं.

"राजकुमारभाऊ चालवते ते पान. साऱ्या पोरींले माहीत हाये. तो अठराच्या वरचा हाये ना वैनी. तुमच्या ठरावात तो नाही बसत. मी बसतो." मग अगदी साध्या आवाजात, पाणी भरायचं राहिलं म्हणावं तसं, ती म्हणाली, "मी नसतो तं बरं झालं असतं."

धम्मशीलानं तिचं मनगट धरलं. त्या दिवशी तिनं ते सोडलंच नाही; घरी येईपर्यंत, चुलीपाशी, अंथरुणातही धरून होती.

सकाळी ती पंचायतीत गेली. फोन परत द्या म्हणाली, आणि ठरावात बदल करा, राजकुमारला बोलवा. पंजाबराव हसले. मॅडम, ठराव तुम्हीच लिहिला, अक्षर तुमचं हाये, म्हणाले. मोठ्या माणसावर ग्रामपंचायत काय करन? तिनं त्या पानाची तक्रार फोनवरून ते ॲप चालवणाऱ्या कंपनीकडं केली. एकदा नव्हे, अकरा वेळा. मराठीतून उत्तर आलं की, आमच्या नियमांत बसत नाही असं काही आढळलं नाही. पोलीस ठाण्यात अर्ज दिला. पोलिसांनी राजकुमारला बोलावून समज दिली. पान दोन दिवस बंद राहिलं आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्या नावानं उघडलं. नवं पान उघडल्यावर पहिला व्हिडिओ कोणाचा होता ते सांगायला नको.

ती अश्वजितशी भांडली आणि करिष्माला बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. एसटीत उभ्यानं, एका हातानं वरची दांडी आणि एका हातानं नणंदेला धरून. डॉक्टरीणबाईनं करिष्माला एकटीला आत बसवलं. बाहेर आल्यावर धम्मशीलाला विचारलं, ही किती दिवसांपासून झोपली नाही? धम्मशीलाला सांगता आलं नाही. एकाच खोलीत झोपत होत्या दोघी. डॉक्टरीणबाईनं पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या, हिला एकटं सोडू नका, रागवू नका, आणि पंधरा दिवसांनी घेऊन या, चुकवू नका, असं दोनदा सांगितलं. गोळ्या घरातल्या मोठ्या माणसानंच आपल्या हातानं द्यायच्या, हेही सांगितलं.

गोजरबाईनं गोळ्यांची पिशवी पाहिली आणि डोक्याला हात लावला. डोक्याच्या डॉक्टरकडं नेलं हे गावाला कळलं तर पोरीचं कसं व्हायचं? दोन दिवस माय-लेक आपसात काहीतरी कुजबुजत राहिले. तिसऱ्या दिवशी धम्मशीला शेडनेटमधून परत आली तर करिष्माची पिशवी भरलेली होती. धाडच्या पुढं मावशी होती, गोजरबाईची धाकटी बहीण. चार महिने राहील, लोकांचं बोलणं विझेल, हवापालट होईल. धम्मशीला खूप बोलली. कागद दाखवला, तारीख दाखवली. अश्वजित म्हणाला, तूच करून बसली हे सगळं, आता आम्हाला करू दे. तो वाईट माणूस नव्हता. बहिणीला दुसरबीडला एसटीत बसवून देताना त्यानं तिच्यासाठी खिडकीची जागा धरली होती, असं नंतर एकानं सांगितलं.

धम्मशीलानं गोळ्यांचं पाकीट पिशवीत कपड्यांच्या वर ठेवलं आणि तारीख कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिली. करिष्मानं ईशाचा मुका घेतला. वहिनीच्या पोटावर हात ठेवला, लगेच उचलला.

मावशीच्या घरात फोन मावशीच्या नवऱ्याजवळ, गोविंदाजवळ. धम्मशीलानं लावला की तो मावशीला द्यायचा आणि मावशी म्हणायची, मजेत हाये. करिष्माला द्या म्हटलं की ती वावरात गेलेली असायची, नाहीतर आंघोळीला, नाहीतर डोळा लागलेला. एकदा मावशी कौतुकानं म्हणाली, तुमच्या गावचा ठराव पाहून आमच्याबी गावानं केला बाई, आता पोट्टीच्या हाती फोन देत नाही आम्ही. पंधरा दिवसांची तारीख आली तेव्हा धम्मशीलानं चार वेळा लावला. मावशी म्हणाली, गोळ्या कायच्या, पोरगी चांगली आहे. अश्वजित दिवाळीच्या आधी एकदा जाऊन आला. दारात उभी होती, बरी दिसली, म्हणाला. हसली का, विचारलं तर त्याला आठवेना.

दिवाळीनंतर धम्मशीलाला मुलगी झाली. टाके पडले, ताप आला. सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही, हे गोजरबाईनं बजावलंच होतं, आणि ओलांडायचं म्हटलं तरी अंगात त्राण नव्हतं. मुलीच्या बारशालाही करिष्माला आणलं नाही. पाळण्याची दोरी ओढत धम्मशीला दिवसभर दाराकडं पाहते. गावातून कोणी त्या अंगाला जायला निघालं की तिला कळतं. ती त्याला बोलावते. कापसाची गाडी घेऊन जाणारा भागवत, माहेरी चाललेली कोकिळा, बाजाराला निघालेला फिजाचा बाप युसूफभाई. करिष्माला भेटून या, असं सगळ्यांना तिनं सांगून झालं. त्यातले बरेच जण विसरले. युसूफभाई गेले होते, पण परक्या माणसाला पोरगी दाखवत नाहीत म्हणून ओट्यावरूनच परत फिरले.

आता हे वाचणाऱ्यांनाही तिचं तेच सांगणं आहे. धाडच्या बाजाराला गेलात, तर स्टँडवरून पुढच्या गावांना जीप जातात, तिसऱ्या गावात उतरा. विहाराच्या मागच्या गल्लीत गोविंदा मावसोबांचं घर कोणीही दाखवेल. करिष्मा कुठं आहे म्हणून विचारा. वावरात गेली म्हणतील. बसा. चहा देतील, घ्या, पण उठू नका. बरी आहे म्हणतील, हो म्हणा आणि बसून राहा. ती येईपर्यंत बसून राहा. आणि ती आली की तुमच्या फोनवरून धम्मशीलाला लावा, फोन करिष्माच्या हातात द्या. काही बोलली नाही तरी चालेल. मध्येच काढून घेऊ नका.